तीस सप्टेंबरचा पट

शाळा उघडते त्या दिवशी गावात कौतुक असतं. पहिलीत आलेल्या मुलांना ओवाळतात, कुठे बैलगाडीतून मिरवतात, दुपारच्या जेवणात गोड असतं, आणि या सगळ्याचे फोटो जेवणाआधीच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाच्या, मोबाइल ग्रुपवर पोचलेले असतात. बहुतेक महाराष्ट्रात हा दिवस १५ जूनच्या आसपास येतो, विदर्भात उन्हामुळे थोडा पुढे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेचं पुढचं नशीब ठरतं ते ३० सप्टेंबरला, कारण त्या दिवशीच्या पटावर, म्हणजे नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर, शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्या दिवशी कुणी कुणाला ओवाळत नाही. मुख्याध्यापक हजेरीपट आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवून बसलेले असतात. वर्गात बसलेली मुलं नोंदीच्या सरकारी पोर्टलवर बसली आहेत की नाहीत, हे एकेका नावावर बोट ठेवून बघणं चालू असतं.

राज्यात जिल्हे ३६ आणि जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून ही व्यवस्था उभी राहिली आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा तिच्याकडे आल्या. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीट (काही केंद्रांचा गट) सांभाळणारे विस्तार अधिकारी, मग दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, आणि शेवटी मुख्याध्यापक. हे शेवटचे बहुतेक ठिकाणी स्वतः दोन-तीन वर्ग शिकवणारे शिक्षकच असतात. अभ्यासक्रम आणि पुस्तकं पुण्यात ठरतात, पगार मुंबईतून येतो, समग्र शिक्षा या केंद्रीय योजनेचा पैसा दिल्लीतून निघतो. जिल्ह्याच्या हातात मग उरतं काय? कोणता माणूस कुठल्या खोलीत उभा करायचा, हे. आणि तेही पटाच्या आकड्याने बांधलेलं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टातलं कोष्टक शिक्षकांना पाढ्यासारखं पाठ असतं. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. पट १५० च्या वर गेला तर स्वतंत्र मुख्याध्यापक. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राज्याने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याचे, निकष आपल्या परीने आणखी आवळले, त्यावर शिक्षक संघटनांची आंदोलनं झाली, पण हिशेबाची रीत तीच राहिली. एक उंबरठा असतो आणि त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे एक मूल असतं. कायद्याच्या कोष्टकात साठाव्या मुलापर्यंत शाळेला दोन माणसं मिळतात आणि एकसष्टाव्या मुलाबरोबर तिसरं माणूस येतं.

असे उंबरठे सगळीकडे आहेत. पट ३० असेल तर शाळेचं वार्षिक अनुदान १०,००० रुपये, ३१ झाला की २५,०००. त्यातच वीजबिल, खडू, झाडू, नळाची तोटी आणि रंगाचा डबा बसवायचा. पोषण आहार शिजवायला २५ मुलांपर्यंत एक बाई, सव्विसावं मूल आलं की दुसरी. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस एखादं कुटुंब शहरातून परत आलं आणि दोन मुलं दाखल झाली, तर गुरुजींचा चेहरा खुलतो. यात त्यांचा स्वार्थ आहे असं कुणी म्हणू शकेल. असेलही. पण तो स्वार्थ मुलांच्या फायद्याचाच असतो, त्यामुळे त्याला फारशी नावं ठेवाविशी वाटत नाहीत.

खोटी मुलं दाखवून पट फुगवण्याचे उद्योगही याच उंबरठ्यांपाशी झाले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. कागदावरची लाखो मुलं त्या तीन दिवसांत वर्गात सापडली नाहीत. शाईच्या जागी आता आधार आलं आहे. ज्याचं आधार पडताळणीत उतरत नाही, ते मूल संचमान्यतेत धरायचं नाही, इथवर गोष्ट गेली.

पडताळणीत न उतरण्याची कारणं बघितली की हसावं की रडावं कळत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधार केंद्रावर बसलेल्या पोराने टाइप केलेलं दुसरं. आईने माहेरच्या गावी काढलेल्या कार्डावर जन्मसालच वेगळं. त्यात पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं आणि पाचव्या वर्षानंतर ठसे द्यावे लागतात. नेमकं त्याच सुमारास मूल पहिलीत येतं. आई-बाप रोजगार बुडवून तालुक्याला जातात, तिथे यंत्र बंद असतं किंवा टोकन संपलेलं असतं. वर्गात समोर बसून अ आ ई गिरवणारं मूल मग पोर्टलवर ‘इनव्हॅलिड’ दिसतं. पट ६३, त्यातले तीन असे निघाले की हिशेबाला ६०. एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि सेवाज्येष्ठतेत जो शेवटचा, तो जातो. तो बहुधा शाळेतला सगळ्यात तरुण, संगणक चालवणारा, मुलांबरोबर मैदानात पळणारा असतो.

याच्या उलट गाठ म्हणजे ‘ड्रॉप बॉक्स’. एका शाळेने दाखला दिला, पोर्टलवर मूल सोडलं, पण दुसऱ्या शाळेने ते उचललं नाही. मूल नव्या शाळेत रोज जातंय, खिचडी खातंय, पण यू-डायसच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या पोर्टलच्या, लेखी ते अधांतरी. जुनी शाळा खाजगी असेल आणि फी थकलेली असेल, तर दाखलाच अडवून धरतात. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कायदा सांगतो. पण पोर्टलला कायदा वाचता येत नाही. अशा वेळी दोन मुख्याध्यापकांचं फोनवरचं बोलणं ऐकावं: “अहो सर, तेवढं माझं एक पोरगं सोडा ना तुमच्याकडून, आज शेवटची तारीख आहे.”

आकडा पक्का झाला तरी माणूस लगेच येत नाही. सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता निघते ती कित्येक महिन्यांनी. मग अतिरिक्तांची यादी, हरकती, आणि समायोजन, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळांत बसवणं. तोवर वर्ष सरलेलं असतं. गेल्या वर्षीच्या मुलांसाठी मंजूर झालेला शिक्षक यंदाच्या मुलांना मिळतो. पट तोच राहिला तर ठीक, नाहीतर पुन्हा ओढाताण. मंजूर आणि भरलेलं या दोन शब्दांतलं अंतरही मोठं आहे. कायदा म्हणतो की मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिक्त नसाव्यात. पण त्या रिक्त जागा एकाच दुर्गम तालुक्यात साचल्या तर काय? त्यासाठी जिल्हा परिषदेत ‘समानीकरण’ नावाची गोष्ट असते. बदल्यांच्या आधी ठराविक जागा मुद्दाम रिक्त ठेवतात, त्या सगळ्या तालुक्यांत सारख्या वाटतात आणि तिथे कुणालाही अर्ज करू देत नाहीत. ऐकायला विचित्र वाटतं, आहे मात्र शहाणपणाचं. उणीव संपवता येत नसेल, तर निदान ती एकट्या धडगाव किंवा भामरागडच्या पदरात पडू नये. बदल्या संगणकावर आल्यापासून अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला खाली यायचा हक्क मिळाला, आणि ज्याच्या जागेवर तो येतो त्याला ‘खो’ बसतो. हा खो-खो उन्हाळाभर चालतो.

आता ज्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, त्या खोलीत जरा थांबू. राज्यात अशा शाळा अगणित आहेत, आणि विभागाच्या साऱ्या योजनांची परीक्षा तिथेच होते. पट ४७, वर्ग पाच. साधारणपणे बाई पहिली-दुसरी घेतात आणि गुरुजी तिसरी, चौथी, पाचवी. पुस्तक प्रत्येक वर्गाचं वेगळं आणि तासिका ४० मिनिटांची, म्हणजे एका वर्गाच्या वाट्याला तेरा-चौदा मिनिटं. नवखा शिक्षक इथे चुकतो. तो तिसरीला शिकवतो, चौथीला ‘पाठ लिहून काढा’ सांगतो आणि पाचवीला गप्प बसवतो. पंधराव्या मिनिटाला पाचवीतलं पोरगं तिसरीतल्या भावाला पेन्सिल टोचतं आणि तास संपतो.

मुरलेला शिक्षक तीन पुस्तकांतून एकच धागा काढतो. आज मोजमाप. सगळ्यांना मिळून दहा मिनिटं फळ्याची लांबी विती-हातांनी मोजायला लावायची. कुणाच्या विती किती भरल्या आणि सारख्या का आल्या नाहीत, यावर गोंधळ होऊ द्यायचा. मग तिसरी पट्टी घेऊन वही, पेन, खडूची पेटी मोजते. चौथी दोरीने खोलीची लांबी घेऊन मीटर-सेंटीमीटरमध्ये मांडते. पाचवी त्याच मापांवरून खोलीची परिमिती काढते. गुरुजी पाचवीपाशी बसतात, कारण तिथेच अडतं. तिसरीवर चौथीतली एक चुणचुणीत मुलगी लक्ष ठेवते. हे जमतं तेव्हा बहुवर्ग खोलीत एक वेगळीच गंमत असते. तिसरीतलं पोर कान देऊन पाचवीची परिमिती ऐकत असतं आणि दोन वर्षं आधीच ती त्याच्या डोक्यात कुठेतरी रुजते. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा याच तऱ्हेच्या, जमिनीवर आखलेल्या, मुलांनी हाताळायच्या अध्यापनासाठी नावाजल्या आणि राज्यभरातून शिक्षक त्या बघायला गेले. पुष्कळांनी परत येऊन जमिनीवर तशाच आकृत्या रंगवल्या. काहींनी फक्त आकृत्याच रंगवल्या.

आणि मग एके दिवशी दोघांपैकी एकाला तालुक्याला बोलावणं येतं. प्रशिक्षण असेल, मतदार याद्यांचं काम असेल, नाहीतर नुसती बैठक. त्या दिवशी ४७ मुलं, पाच वर्ग, एक माणूस. खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा तोच, पोरांची भांडणं सोडवायची त्यानेच, आणि दुपारी दोनला मोबाइलवर आलेला ‘आजच्या आज, अत्यंत तातडीचे’ असा तक्ताही त्यानेच भरायचा. माहिती नसेल तर ‘निरंक’ लिहून पाठवायची, पण पाठवायचीच. ‘निरंक’ हा शब्द आमच्या सरकारी मराठीने दिलेला एक दागिना आहे. शिक्षणाच्या गरजांबद्दल जिल्ह्याला सर्वात जास्त वेळा मिळणारं उत्तर बहुधा तेच असावं.

तांदळाचा हिशेब मात्र चोख असतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. सहावी ते आठवीला तांदूळ, डाळ, भाजी, तेल याच्या दीडपट. ४७ मुलं हजर असली तर ४ किलो ७०० ग्रॅम तांदूळ आणि ९४० ग्रॅम डाळ. भाजीचे २ किलो ३५० ग्रॅम आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भरतात. बाजार होऊन सहा दिवस लोटले की त्यांचे बटाटे होतात. सोमवारी हजेरी जास्त असते हे प्रत्येक स्वयंपाकी बाईला ठाऊक असतं, आणि त्याचं कारणही.

जिल्हा आणि शाळा यांच्यात जिवंत दुवा एकच, तो म्हणजे केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळा, एक दुचाकी आणि डिकीत भेटीची वही. चांगला केंद्रप्रमुख शाळेत शिरल्यावर आधी रजिस्टर मागत नाही. तो तिसरीतल्या मागच्या बाकावरच्या मुलाला जवळ घेऊन पुस्तकाचं कुठलंही पान उघडतो आणि वाच म्हणतो. मूल शब्द सुटासुटा वाचतं, की जोडाक्षरापाशी थांबतं, की पान पाठ असल्यासारखं धडाधड म्हणतं, यावरून त्याला दहा मिनिटांत शाळा कळते. पाठ असलेल्या मुलाला तो ओळ उलटीकडून वाचायला लावतो. ही गोष्ट कुठल्याही चाचणीच्या तक्त्यात भरता येत नाही. पण केंद्रप्रमुखाची पदं वर्षानुवर्षं रिक्त राहतात, एखाद्या शिक्षकाकडेच ‘प्रभार’ असतो, आणि प्रभारी माणूस स्वतःचा वर्ग सोडून दुसऱ्याचा वर्ग बघायला जातो. गेलाच तर तक्ते गोळा करायला.

ज्यांची गरज सरासरीत बसत नाही, अशा मुलांकडे बघितलं की यंत्रणेचा खरा कस कळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत. तालुक्याला दोन-चार विशेष शिक्षक असतात. ते शाळांना फेऱ्या घालतात, अंथरुणाला खिळलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवतात. कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), व्हीलचेअर, श्रवणयंत्रांसाठी शिबिर भरतं, मापं घेतात, सामान बनून यायला महिने जातात. सात वर्षांच्या मुलाचा पाय तेवढ्या काळात थांबत नाही. नवा कोरा कॅलिपर घोट्याला रुततो, आई तो दोन दिवस घालते आणि मग पत्र्याच्या पेटीवर ठेवून देते. श्रवणयंत्राची बॅटरी संपली की नवी गावात मिळत नाही.

रॅम्पचंही तसंच. नियमाचा उतार एकास बारा, म्हणजे शाळेचा चौथरा दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब हवा. व्हरांड्यापुढे तेवढी जागा नसेल तर तो वळवून घ्यावा लागतो, मध्ये सपाट टप्पा ठेवावा लागतो, कठडा लावावा लागतो. हे सगळं टाळून सहा फुटांत तोच चढ उरकला की घसरगुंडी तयार होते. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यावरून मजेत घसरतात, आणि ज्याच्यासाठी ती बांधली त्याला वडील कडेवर उचलून वर्गात नेतात. यू-डायसच्या फॉर्मवर ‘रॅम्प आहे का?’ यापुढे ‘होय’ लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

एखादी गोष्ट जितक्या वरून ठरते, तितकी ती मापात बसत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. गणवेशाचं उदाहरण ताजं आहे. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये यायचे, गावातला किंवा शेजारच्या बाजारातला शिंपी मापं घ्यायचा. त्यातही गडबडी होत, नाही असं नाही. २०२४-२५ मध्ये कापड राज्यस्तरावर खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडून करायचं ठरलं. जूनमध्ये मिळायचा गणवेश पुष्कळ ठिकाणी दिवाळीच्या तोंडावरही पोचला नव्हता, पोचला तिथे बाह्या आखूड आणि चड्ड्या ढगळ अशा तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समित्यांना दिले. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुलाच्या छातीचं माप त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण ३० सप्टेंबरच्या पटाचा सगळ्यात मोठा घोळ ऊसतोडीच्या पट्ट्यात होतो. बीड, अहिल्यानगर, जालना इकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे थांबणं हातात नसतं. म्हणजे ३० सप्टेंबरला पट भरलेला, आणि नोव्हेंबरात त्याच वर्गात निम्मे बाक रिकामे. इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याच्या साखर कारखान्यांभोवती या मजुरांची पालं (तंबू) पडतात. जवळच्या शाळेत अचानक पंधरा-वीस मुलं वाढू शकतात, पण ती तिथल्या सप्टेंबरच्या पटात नाहीत. त्यांच्या नावाचा शिक्षक नाही, पुस्तकं गावाकडच्या शाळेत वाटून झालेली. कागदोपत्री कुठेच कमतरता नाही. शिक्षक एका जिल्ह्यात आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात, एवढंच.

यावर काढलेला तोडगा म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृहाचं असलं तरी वेगळी इमारत बहुधा नसते. मूल आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहतं, दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून आणि सकाळ-संध्याकाळचं व्यवस्थापन समिती करते. योजना चांगली आहे, कारण ती मुलाला घरापासून तोडत नाही आणि आजीच्या डोक्यावरचा स्वयंपाकाचा भार काढून घेते. ती फसते तारखेमुळे. गाड्या निघायच्या आधी सर्वेक्षण, यादी, मंजुरी झाली आणि पहिल्या दिवशी चूल पेटली, तरच आई मूल मागे ठेवते. मंजुरी दिवाळीनंतर आली तर तोवर मूल उसाच्या फडात पोचलेलं असतं. तिथून त्याला परत कोण आणणार? ते तिथे धाकट्याला सांभाळतं, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करतं, जरा मोठं असेल तर मोळ्याही बांधतं. अनुदान उशिरा येतं तेव्हा किराणा उधारीवर चालतो, आणि दुकानदार किती दिवस थांबेल यावर वसतिगृहाचं आयुष्य ठरतं.

जी मुलं जातातच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. मूल कितवीत आहे आणि त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं. जिथे जाईल तिथल्या शाळेने दाखला न मागता बसवून घ्यावं आणि परत निघताना कार्डावर आपली नोंद करावी, अशी अपेक्षा.

मार्चमध्ये पट्टा पडतो, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपतो, गाड्या परततात. शाळा सकाळची झालेली असते, वर्षअखेरीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. कार्यालयात न खर्चलेली रक्कम ३१ तारखेच्या आत संपवायची धावपळ असते. अशा एका सकाळी, अंगाने वाळलेलं आणि उन्हाने रापलेलं मूल दारात उभं राहतं. हजेरीपटावर त्याचं नाव असतंच. कार्ड आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं. गुरुजी ते उलटून मागची बाजू बघतात. तिथे शिक्का असेल तर त्या मुलाला चौथीच्या रांगेत बसवतात. नसेल तर पुस्तकाचं एक पान उघडून म्हणतात, “बस. इथून वाच बघू.”